बिडीबंद बराक

स्वारगेटहून धायरीला निघालेल्या बसमध्ये चैतालीला खिडकी मिळाली आणि पुढच्या सीटवरचं नणंद-भावजयीचं भांडण आयतं कानावर आलं. दोघी तुरुंगात कैद्याला भेटून परतत होत्या.

"वहिनी, सार्वजनिक ठिकाणी बिडी नको, हे मान्य. पण कैद्यांना कशाला ती बंदी? तुरुंग म्हणजे काय बाग आहे?"

"बागेत निदान उठून लांब जाता येतं, शर्मिलाताई. बराकीत शेजारच्यानं कुठे जायचं?"

"पोपटदादाला तेवढंच एक सुख होतं."

"आणि शेजारच्याला तेवढाच एक श्वास."

"म्हणून तुम्हीच साहेबांना सांगून त्याला बिडीबंद बराकीत टाकायला लावलंत? स्वतःच्या नवऱ्याची चुगली?"

"केली. लग्न झाल्यापासून विनवण्या करून पाहिल्या होत्या."

"आज केवढा चिडला होता तो. काचेपलीकडून मला बघवेना."

"काय काय म्हणाले, ते ऐकलंत ना?"

"ऐकलं की. फोनवर तुमचा नुसता उद्धार चालला होता. घंटा होईपर्यंत थांबला नाही."

"आणि मागच्या भेटीत काय म्हणाले होते?"

"मागच्या वेळी बोलला कुठे? घंटा होईपर्यंत खोकतच होता."

भावजयीनं खिडकीची काच सरकवली, वारा आत घेतला आणि पदर खोचून ऐसपैस बसली.

"करू देत उद्धार," ती म्हणाली. "पुढच्या वेळी मीपण तयारीनं जाणार आहे."