रक्त राहत नाही

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे म्हणतात, पण मी सातारा पाहिला नाही. माझा जन्म इथला, माधवगंजातला, शाळा चौथीपर्यंत, नवरा इथल्या महाराजांच्या फौजेत. रियासत गेली, फौज मोठ्या लष्करात मिळाली आणि यांची बदली लांब झाली. पुढे मध्य प्रदेश झाला, कचेऱ्या भोपाळला हलल्या, त्यांच्यामागे आमचे म्हातारे मराठी डॉक्टरही गेले. मला वाईट वाटलं ते त्यांचं, राजाचं नाही.

कारण काय सांगू तुम्हाला, माझी कुसुम जन्मापासून तशी, जरा खरचटलं की रक्त राहायचंच नाही. डॉक्टरांनी बजावलेलं, हिला दंडात, कुल्ल्यात सुई टोचू द्यायची नाही, आत रक्त साकळत जाईल. सासूबाई म्हणायच्या, तुझ्याच माहेरचं हे.

पाच वर्षांची असताना पायरीवरून पडली, जीभ चावली गेली. सकाळपासून फडकी बदलतेय, बदलतेय, दुपारी पोरगी पांढरी पडली तशी उचलली आणि टांग्यातून दवाखान्यात नेली. डॉक्टर नवे, मराठीचा गंध नाही. मी आपली हिंदी जुळवली, डॉक्टरसाब, इसका खून नहीं रहता. कुसुम रक्त गिळत होती, बाहेर दिसेना. त्यांनी तिची पापणी ओढून पाहिली, म्हणाले, हाँ, खून की कमी है, आणि नर्सबाईला सांगितलं, ताकद की सुई लगाओ.

बाईनं सुई भरली. मी तिचं मनगट धरलं. ती म्हणाली, अम्मा, बच्ची को मारोगी क्या? मी म्हटलं, मारोगी तुम. तिच्या हातातली सुई ओढली, माझ्याच बोटात खुपसली, दाबून धरलं, दाखवलं, देखो, मेरा रहा. मग कुसुमचं तोंड उघडलं तर रक्ताची गुळणी माझ्या लुगड्यावर. इसका नहीं रहता.

डॉक्टर चपापले. अरे, रुकता नहीं, ऐसा बोलो न! मी म्हटलं, वही तो बोल रही हूँ. आमच्याकडे पाऊससुद्धा राहतो, म्हणजे थांबतो, त्यांना काय ठाऊक.

मग जिभेवर कापूस दाबला, शिरेतून रक्त चढवलं, माझंच. तिसऱ्या दिवशी दूध मागितलंन. देवाला मध्ये आणू नका, तिची जीभ दाबून बसलेली मी होते.

आता कुसुमची नात, सहा वर्षांची, तीही तशीच. आज जयेंद्रगंजात तिची किडकी दाढ काढतायत. डॉक्टरांना सगळं लिहून दिलंय, मला मात्र बरोबर नेलं नाही. तुम्ही इतक्यात उठू नका. फोन वाजला तर तुम्हीच उचला, मला कमी ऐकू येतं. पोरगी घरी येऊ दे, बाकी काही मागणं नाही.