जोडीच्या तारा

आम्ही मूळचे अमडापूरचे, वावर हाय थोडं, वांगे-मिरच्या लावतो, पण आमच्या बापाचं नाव निघालं ते तंबोऱ्यानं. पंचक्रोशीतले भजनी मंडळं तंबोरे लावाले त्याच्याकडेच आणत. काय सांगू तुम्हाले, शेवटी शेवटी बापाच्या हातानं तारा तुटाले लागल्या, खुंटी आवळे अन् तट्कन तुटे, पुन्हा आवळे अन् पुन्हा तुटे, आम्ही म्हणो नजर लागली, लिंबू बांधलं, अन् बापाले ऐकूच येत नव्हतं, हे आम्हाले लय उशिरा समजलं. तवापासून मले धाकच हाय.

सूर दाखवणाऱ्या मशीनचा मले पहिल्यापासून राग. तुम्ही शिकेल माणसं, पण ऐका. खर्जाची तार नीट लागली ना, की तिच्यातून गंधार आपोआप येते, कोणी छेडत नाही त्याले, अन् पेटीचा गंधार त्याच्याहून चढा असते. पेटी कोणत्याही पट्टीत वाजली पाह्यजे म्हणून तिचे सूर सारख्या वाटणीनं बसवले, मशीनचंही तेच. म्हणून मी साऱ्याईले म्हणो, माहा कान खरा, मशीन झूट.

मंग डाव्या कानात किर्र सुरू झालं. भरदुपारी रातकिडा. घरात कोणाले बोललो नाही, सरळ बुलडाण्याले गेलो. दुकानवाल्यानं दोन ट्युनर दाखवले, काका कोणता देऊ म्हणे, एक माइकवाला, एक खुंटीपाशी चिमट्यासारखा लावाचा. माइकवाला पंख्याच्या आवाजानंच नाचाले लागला. चिमटेवाला लाकडाची थरथर घेते, आजूबाजूच्या गलक्याशी त्याले घेणंदेणं नाही, तोच घेतला, अन् घरी म्हटलं मशीन खोटी पाडाले आणली.

साखरखेर्ड्याचा तंबोरा आलता. मधल्या दोन तारा जोडीच्या, दोघींचा सूर एकच, सा. गंधारावर मी मशीनशी भांडलो असतो, पण सा वर काय भांडाचं? एकीवर हिरवा दिवा लागला, दुसरीवर लाल, म्हंजे सूर खाली उतरेल. माह्या कानाले दोघी एकच. दहादा छेडून पाह्यल्या, एकच. हट्टानं सूर बारीक जुळवाचा तारेचा मणी सरकवला नाही, तसाच खोळ घालून ठेवला अन् जेवाले बसलो.

दुपारी पुन्हा चिमटा लावला, तर दोघी हिरव्या. अंगावर काटाच आला हो. आमच्या घरात तंबोऱ्याले दुसरं कोणी हात लावत नाही. सुनेले विचारलं, वैशाली, हा कोणं हलवला? ती भाकरी थापून राह्यलती, हात थांबले तिचे. मामाजी, मीच, म्हणे. म्हटलं आजच? नाही म्हणे, दोन वर्षं झाले.

दोन वर्षं! दोन वर्षं लोक म्हणून राह्यले काकाच्या हाताले तोड नाही, अन् मी मान ताठ करून फिरून राह्यलो. लय ओरडलो तिच्यावर, काऊन नाही सांगितलं म्हटलं. रडली बिचारी. कसं सांगू मामाजी, म्हणे, तुम्ही लावता लावता एवढे खुश दिसता. मंग मलेच लाज वाटली.

आता दोघं समोरासमोर बसतो. मशीन सा दाखवते, पण घोडीवर तारेखाली सूत कुठं ठेवलं की तार झंकारते ते नाही दाखवत. म्हणून मी सूत सरकवतो अन् तिच्या तोंडाकडे पाह्यतो. कपाळाले आठी पडली की समजतो, चुकलं. डावा कान तर गेलाच, उजव्यातही किर्र सुरू झालं, पावसाळ्यापासून.

परवा तिनं मान डोलवली, हाव मामाजी, लागला, म्हणे, किती गोड बोलून राह्यला. मी हाव म्हटलं. तार हालताना दिसे मले, बस. बोट टेकवलं तवा समजलं, वाजून राह्यली होती.

देव पोरीचे कान शाबूत ठेवो. चहा घेऊन येईनच ती आता, तिले यातलं काही बोलू नका.