चौघींचा एक अंगठा

नाव : गल्लीत मला मोजेआजी म्हणतात. कागदावरचे नाव सध्या चौघींत वाटले गेले असल्याने ते मी सांगितले नाही.
वय : माझ्या मते एकाहत्तर. यंत्राच्या मते एकाहत्तर, चौसष्ट, अठ्ठावन्न आणि बावन्न.
धंदा : हातमोज्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षे माल तपासला. आता घरीच.
राहणार : पाण्याच्या टाकीमागची गल्ली, दुसरा जिना, वरची खोली.

मी आज ठाण्यात माझ्या पायांनी आले आहे, कोणी धरून आणलेले नाही. मला अक्षर येत नाही. मी सांगते तसे हवालदारांनी लिहावे, पदरचे काही घालू नये, असे मी आधीच बजावले आहे. त्यावर हवालदार म्हणाले, "आजी, जबाब मी घेतोय की तुम्ही?" हेही लिहून घ्यावे.

कारखान्यात माझे काम मोजा हातात घालून शिवण बघायचे होते. एकतीस वर्षे हात झाकलेले. त्यामुळे माझ्या अंगठ्याच्या रेषा नव्या नवरीच्या हातासारख्या शाबूत आहेत. माझ्या शेजारणींचे तसे नाही. खालच्या मजल्यावरच्या धोबीणबाईंची बोटे सोड्याने झिजून गुळगुळीत झाली आहेत. खानावळवालीचा अंगठा तव्याने भाजून भाजून सपाट झाला. शिंपीणबाईंच्या अंगठ्याची सुईने चाळण केली.

नऊ वर्षांपूर्वी सरकारी दवाखान्यात अंगठ्याचे यंत्र आले. धोबीणबाईंना मी सोबत गेले होते. यंत्राला त्यांचा अंगठा दिसेना. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "पुसा, परत लावा." त्यांनी पाच वेळा पुसला. मागची रांग कुरकुरू लागली. तो म्हणाला, "अहो बाई, कुणाचा तरी लागू द्या, मला यादी संपवायची आहे." मी पदराखालून माझा अंगठा पुढे केला. यंत्राने लगेच टुंग केले. त्या माणसाने वर मान केली नाही. मीही केली नाही.

त्यानंतर खोलीच्या कागदांसाठी खानावळवालीबरोबर घर खात्यात गेले आणि विजेच्या जोडणीसाठी शिंपीणबाईंबरोबर वीज कचेरीत. दरवर्षी पडताळणीला तिघींबरोबर जाते. बदल्यात मी काही घेतले का, असे विचारल्यावरून सांगते की, नाही. शिंपीणबाईंनी एकदा पोलके शिवून दिले, ते काखेत घट्ट झाले. त्याला लाच म्हणायचे असेल तर म्हणा.

तेव्हा प्रत्येक खात्याची यादी वेगळी होती आणि एका खात्याला दुसऱ्याचे तोंड माहीत नव्हते, म्हणून सगळे सुरळीत चालले. आता सरकारने देशभरच्या सगळ्या खात्यांची माहिती एका जागी आणली आहे. कारभार सुधारावा, माणसाला दहा दारे हिंडायला लागू नयेत, म्हणून. बेत चांगला आहे. माझी नात तिथेच नोंदी जुळवायच्या कामावर आहे. तिला नावे दिसत नाहीत, नुसते ठसे आणि आकडे दिसतात.

मागच्या सोमवारी संध्याकाळी ती जेवताना म्हणाली, "आजी, आज आम्ही एक महाठक बाई पकडली. एका अंगठ्यावर चार बायका! दोन नवरे हयात, दोन मयत, मुले नऊ. आता चारही नोंदी मिळून एकच बाई केली."

मी विचारले, "अजून भात वाढू?"

ती म्हणाली, "वाढ. कसली बेरकी असेल ना?"

मी म्हणाले, "बेरकी आहेच. ती तुला भात वाढते आहे."

नातीचा घास हातातच राहिला. मग ती रडली, मग हसली, मग म्हणाली, "मी गुपचूप चौघी वेगळ्या करते." मी नको म्हणाले. कामावर लबाडी करायची नाही. घरात एक लबाड पुरे. यात तिचा काही दोष नाही, हे ठळक लिहावे.

माझा नवरा जाऊन अकरा वर्षे झाली. या वयात दोन हयात नवरे मिळाले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यातला एक, म्हणजे खानावळवालीचा, काल जिन्यात भेटला. मी पदर सावरून वाट दिली. नऊ मुले दाखवली आहेत, पण पिशवी वर न्यायला त्यातले एकही येत नाही.

हवालदार हसल्यामुळे इथे लिहिणे थोडा वेळ थांबले होते.

आता मुद्द्याचे. धोबीणबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टरीणबाई तीन महिन्यांतून एकदा येतात. त्या परवा, गुरुवारी, येणार आहेत आणि धोबीणबाईंचा ऑपरेशनला नंबर लागला होता. काल दवाखान्यात कळले की नंबर रद्द झाला. कारण यंत्र म्हणते, या बाईचे दोन्ही डोळे गेल्या वर्षीच झाले. ते माझे झाले, कारखान्याच्या इस्पितळात. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "बाई, तिसरा डोळा कुठून आणला?" आम्ही नोंदणी कचेरीत गेलो. तिथे म्हणाले, ज्याची नोंद त्याने स्वतः अंगठा लावून अर्ज करावा. धोबीणबाईंनी लावला तर अशी बाईच नाही. मी लावला तर डोळे झालेले आहेत. मग म्हणाले, पोलिसांत जबाब झाल्याशिवाय नोंदीला हात लावता येत नाही.

गेल्या आठवड्यात धोबीणबाईंनी पांढऱ्या सदऱ्यावर इस्त्री ठेवली आणि शेजारचा सदरा चाचपत राहिल्या. वास मला वर आला. धावत खाली गेले तर म्हणतात, "काही नाही हो, दूध उतू गेलं." घरात दूध नव्हते.

ठाण्याच्या साहेबांनी मला समज दिली की हा गुन्हा आहे आणि माझ्यावर कारवाई होऊ शकते. ती समजली. कारवाई सावकाश करावी. जबाबाची नक्कल मात्र दवाखान्यात बुधवारी पोचावी.

"या दोन बाया वेगळ्या आहेत, याला पुरावा काय?" असे साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, पुरावा बाहेरच्या बाकावर बसला आहे आणि भिंतीवरच्या घड्याळाला खिडकी समजतो आहे. मग धोबीणबाईंना हात धरून आत आणले.

हवालदारांनी हे सगळे मला मोठ्याने वाचून दाखवले. 'शरमेने सांगते की' हे शब्द माझे नव्हते, ते खोडायला लावले. बाकी मी बोलले तसेच आहे.

खाली उजवीकडे शाईचा ठसा माझा, रेषा मोजून घ्याव्यात. डावीकडे धोबीणबाईंचा. त्यात एकही रेषा नाही, नुसता गोल काळा डाग. हवालदार म्हणाले, "बिघडला. पुसा, परत लावा." साहेबांनी हवालदारांचा हात धरला आणि म्हणाले, "राहू दे. तो त्यांचाच आहे."