तळघरातला कॉम्प्युटर बुडाला तेव्हा

रक्त तपासणीच्या लॅबमध्ये मी रिपोर्टसाठी बाकावर बसलो होतो. पाण्याची टाकी फुटून तळघरातला मुख्य कॉम्प्युटर बुडाला होता. लॅब चालवणारी भावंडं काउंटरमागे बोलत होती.

"ताई, 'बंद' पाटी लावतो."

"त्या पाटीला हात लावून तर बघ."

"अगं, सगळे रिपोर्ट गेले."

"नुसता कॉम्प्युटरचा डबा गेला. रिपोर्टची नक्कल दर पंधरा मिनिटांनी क्लाउडवर जाते, दूरच्या शहरातल्या कॉम्प्युटरवर."

"जाते म्हणे. परत येताना कोणी पाहिलीय?"

"मी. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मुद्दाम इथला प्लग काढते आणि तिकडून काम चालवून बघते. तू त्याला पोरखेळ म्हणतोस आणि चहाला पळतोस."

"बरं, पण पासवर्डची वही?"

"तुझ्याकडे दिली होती. कुठे ठेवलीस?"

"कॉम्प्युटरच्या खालीच."

"वाटलंच होतं. म्हणून दुसरी माझ्या पर्समध्ये असते. लॅपटॉप आण, मोबाइलचं इंटरनेट जोड."

"अख्खी लॅब एवढ्याशा लॅपटॉपवर?"

"बाकावरच्या आजींचं बारा वाजता ऑपरेशन आहे. कालचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय डॉक्टर सुरुवात करणार नाहीत. त्यांना काय सांगू, आमची टाकी फुटली?"

"तसं नाही गं."

"हा बघ, आला. डॉक्टरांना पाठवलासुद्धा. आजी, निघा तुम्ही निवांत."

"ताई, मग या पाटीचं काय करू?"

"उलटी कर आणि मागे 'चालू' लिही. चांगलं ठळक. आणि येत्या पहिल्या सोमवारी प्लग तू काढायचास."