निरोगी माणसाच्या दोन रेघा

...निरोगी म्हणून नेलं हो ह्यांना! आजारी म्हणून नाही, निरोगी म्हणून! झालं काय, तुम्हाला सांगते, रत्नागिरीला लेप्टोची, त्या उंदरांमुळे येणाऱ्या तापाची, नवी तपासणी तयार करतायत. आताची जी आहे ना, ती पहिले चार-पाच दिवस तोंडच उघडत नाही, माणूस पार आडवा झाला की मग म्हणणार, 'हो हो, लेप्टोच होता!' काय उपयोग? म्हणून ही नवी पट्टी, थेंबभर रक्त, पंधरा मिनिटांत निकाल. आणि ती उगाच कुणाच्याही नावानं ओरडत नाही ना, हे बघायला त्यांना धडधाकट माणसं हवी होती. आमचे हे, म्हणजे गावचे हरिहर मास्तर, सगळ्यात पुढे! 'पासष्ट वर्षांत एक गोळी घेतलेली नाही, लिहून घ्या!'

एक रेघ म्हणजे काही नाही, दोन म्हणजे लेप्टो. ह्यांच्या आल्या दोन!

मनस्विनी डॉक्टर, ती पट्टी तयार करणाऱ्यांतलीच, पोर गोड आहे हो, पण चेहरा असा झाला तिचा... 'काका, अजून थोडं रक्त देता? मोठ्या प्रयोगशाळेत पाठवते. चार दिवस लागतील.' चार दिवस! निरोगी म्हणून नेलेला माणूस रिक्षात बसला तो माझा हात धरून. लग्नातसुद्धा एवढा घट्ट धरला नव्हता!

मी लेकीला फोनवर सांगतेय, 'अगो, पट्टीवर दोन रेघा आल्या,' तर गडग्यापलीकडून शेजारच्या कमळावहिनी, 'अगो बाय, कुणाला दिवस गेले?' काय बोलणार? सांगा!

आणि घरात? तासातासाला आरशापुढे. 'मालिनी, डोळे लाल दिसतात का गो? नीट बघ, उजेडात बघ!' ताप किती? अठ्ठ्याण्णव. परत लाव. अठ्ठ्याण्णव. 'थर्मामीटरच बिघडलाय!' तिसऱ्या दिवशी मला मागे पोफळीत नेलं, पंपाचा खटका कसा टाकायचा, पाणी आधी कुठं सोडायचं, सगळं दाखवलं, आणि हळूच म्हणाले, 'तुला यायला हवं हे.' मी हसले. आत येऊन पदर तोंडात धरून रडले. निरोगी म्हणून नेलं होतं हो...

चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणते, 'काका, आता तुम्हाला काही नाही. पण मागे कधी ताप आला होता? पोटऱ्या दुखत होत्या?' हे लगेच, 'छे! कधीच नाही!' मी ह्यांच्याकडे वळले... अहो, गेल्या वर्षी लावणीनंतर पाच दिवस विव्हळत कोण पडलं होतं? पोटऱ्यांना तेल कुणी चोळलं? 'साधा फ्लू आहे' म्हणून पेज पीत बसलात ना? लेप्टोच होता तो! हा माणूस कुठवर जाऊन परत आला, आणि आम्हाला दोघांनाही पत्ता नाही! ह्यांनी मान खाली घातली.

'चूक आमच्या पट्टीची, काका,' डॉक्टर म्हणाली. 'तिला जुना लेप्टो कुठला, नवा कुठला, कळत नाही. सुधारायला हवी. त्यासाठी तुमच्यासारख्यांचंच रक्त लागेल... दर महिन्याला. द्याल?'

मी म्हटलं, झालं, आता हे उठून पळणार! तर हे खुर्चीत सावरून बसले, हात पुढे केला आणि म्हणाले, 'ह्या वेळी डाव्यातून घ्या. उजव्यातलं तुम्ही संपवलंत.'