वॉरंटी नावाचा फोल्डर

—अहो ताई, बिनधास्त दाबून बघा, रबर आहे ते, काही होत नाही. आपटा. आपटा म्हणतोय ना! नाही? बरं, राहू दे. सगळी गिऱ्हाइकं अशीच करतात, आधी विचारतात मजबूत आहे का, आणि आपटा म्हटलं की दोन्ही हातांनी छातीशी धरतात. डबीवर काय लिहिलंय बघा, दोन मीटरवरून हार्ड डिस्क पडली तरी आतल्या फायली सुखरूप. दोन मीटर म्हणजे किती? माझ्या डोक्याच्या वर एक वीत. धूळ चालते, पाणी चालतं, फक्त हे कडेचं रबरी झाकण बसलेलं पाहिजे, नाहीतर पाणी सरळ आत, मग माझ्याकडे रडत यायचं नाही. आणि दोन मीटर म्हणजे दोनच मीटर बरं का. तिसरा मजला नव्हे. तिसऱ्या मजल्याचं मी का बोलतोय? काही नाही, सहज. म्हणजे सहज नाही— तुम्हाला घाई आहे का? नाही ना? मग टेका त्या स्टुलावर. दुपारी कोणी फिरकत नाही इकडे.

तर अशीच एक नारिंगी हार्ड डिस्क आमच्या घरी आहे. बायकोची. बायको बेडकांवर संशोधन करते. हसू नका, सगळेच हसतात, लग्न ठरलं तेव्हा मीही हसलो होतो. कमरेएवढ्या दलदलीत उभी राहून बेडकांचे आवाज टिपते— कुठला बेडूक मादीला बोलावतोय, कुठला शेजाऱ्याला दम देतोय, सगळं तिला नुसत्या आवाजावरून कळतं. सहा वर्षांचे आवाज आहेत त्या डिस्कमध्ये. वर्षातले चार महिने ती तिकडेच असते, तिथे फोनही लागत नाही. असो. तर एका रविवारी, ही घरीच असताना, माझा मेहुणा जेवायला आला. बायकोचा धाकटा भाऊ, इंजिनियर. त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. जेवताना ती डिस्क उचलून म्हणतो, “भाऊजी, हे रबर म्हणजे निव्वळ सोंग आहे. लोकांना गंडवता तुम्ही.” गंडवता! चौदा वर्षं या काउंटरमागे उभा आहे मी, ताई. माझ्या डोक्यात तिडीक गेली. उठलो, हात धुतले, त्याच्या हातातून डिस्क घेतली, गॅलरीत गेलो आणि दिली सोडून.

तळमजला? नाही, तिसरा मजला. तेच तर सांगतोय.

दुसरी प्रत? होती ना. दुसरी प्रत असलीच पाहिजे, मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगतो, तुम्हालाही सांगतो, एकावर भरवसा ठेवू नका. हिनेही ठेवली होती, तिच्या टेबलाच्या खणात. ती मी— आता तुम्हाला म्हणून सांगतो— ती मी दोन महिन्यांपूर्वी इथे आणली, या शोकेससाठी. मांडायला नमुना नव्हता, आणि मालक सारखे मागे लागले होते. आणि कोरी दिसावी म्हणून आतलं सगळं पुसून टाकलं. म्हटलं, पहिली आहेच की. असं बघू नका हो माझ्याकडे.

खाली कुंपणाची भिंत बांधायचं काम चाललं होतं. आम्ही तिघं जिन्यावरून धडधडत उतरलो, बघतो तर डिस्क कुठेच नाही. गवंडी शांतपणे भिंतीवरून थापी फिरवतोय. विचारलं, “वरून काही पडलं का?” तर म्हणतो, “पडलं ना, सिमेंटच्या मालाच्या घमेल्यात. मला वाटलं रंगीत वीट आहे, शोभेची. लावली.” लावली! ताई, तिसऱ्या थरात, दोन विटांच्या मधोमध, सहा वर्षांचे बेडूक! ओळंबा लावून बसवली होती, काम मात्र चोख. तो काढून देईना, म्हणे थर बिघडेल. शेवटी मेहुण्याने बुटांसकट चिखलात उतरून ती उकरली, मी नळाखाली धुतली, आणि वर आल्यावर बायकोने हातात घेतली. डिस्क पुसली, झाकण उघडलं, केबल जोडली. दिवा लागला. सगळे बेडूक जिवंत! मी मेहुण्याच्या पाठीत असा गुद्दा घातला की त्याला ठसकाच लागला. जिंकलो होतो हो मी. पाच मिनिटं जिंकलो होतो.

मग ही म्हणाली, “एका कोपऱ्याला चीर दिसतेय, वॉरंटीत बसते का बघू.” आणि मला आठवलं, त्याच डिस्कवर ‘वॉरंटी’ नावाचा एक फोल्डर आहे. मी केलेला. मुद्दाम ते नाव दिलेलं, कारण वॉरंटीचे कागद जन्मात कोणी उघडून वाचत नाही. तुम्ही वाचता? बघा! मी म्हटलं, “अगं थांब, ते दुकानात आहे—” पण तोवर तिने उघडला.

त्यात काय होतं? आता काय लपवायचं. त्यात हिची बोलणी होती. म्हणजे मला दिलेली. तीनशे चाळीस. तारीखवार. खिशातल्या मोबाइलवर टिपलेली, मोबाइल भरला म्हणून तिच्या डिस्कवर टाकलेली. सुरुवात झाली ती मेहुण्यामुळेच. तो सारखा म्हणायचा, “आमची ताई म्हणजे गरीब गाय.” म्हटलं, थांब, तुझ्या गाईचं हंबरणं ऐकवतो एकदा. पण त्याला कधी ऐकवलं नाही. राहूनच गेलं. आणि त्या दिवशी भर जेवणाच्या टेबलावर पहिलीच फाईल वाजायला लागली: “अहो, ओला टॉवेल माझ्या उशीवर ठेवणारा माणूस बेडूक असता ना, तर मी त्याची वेगळी जात नोंदवली असती!” मेहुणा चप्पल घालून गेला. बुटांत चिखल होता ना. माझीच चप्पल.

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेईल. कसलं काय. डिस्क बंद केली, केबल गुंडाळली, म्हणाली, “ताक घेणार का?” बस. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम ओला टॉवेल उशीवर टाकला. म्हणते, “असू दे.” असू दे! ताई, लग्नाला अठरा वर्षं झाली, हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नव्हता. मग मी दूध उतू घालवलं. “होतं असं.” तिच्या चष्म्यावर बसलो. म्हणजे तो चुकून, पण बसलो. “दुसरा आहे माझ्याकडे, धन्यवाद.” धन्यवाद म्हणाली मला, जसं काही मी बँकेतला कारकून! नऊ दिवस. तुम्हाला सांगतो, भांडण परवडलं, पण ही सभ्यता माणसाला आतून पोखरते. वजन घटलं माझं. मालकांनी विचारलंही, काय रे, बरं नाही का.

दहाव्या दिवशी संध्याकाळी घरी गेलो तर तिने बेडकांचा रेकॉर्डर टेबलावर मांडलेला, तो केसाळ माइक माझ्या खुर्चीकडे वळवलेला. म्हणाली, “बसा. सहा वर्षं मी बेडकांचं सगळं ऐकलं, ओरडणं, बोलावणं, गुणगुणणं. तुम्ही माझं नुसतं ओरडणं जमवलंत. आता तुमची पाळी. बोला, काय काय राग आहे माझ्यावर.” लाल दिवा लागला. मी तोंड उघडलं. ती वहीत वेळ लिहून ठेवतेय, बेडकांची ठेवते तशी. राग असा एकही आठवेना. शेवटी तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, “दुसरी प्रत मी पुसली.”

हो, तिला तोवर माहीत नव्हतं.

आणि एकदा बूच उघडल्यावर मग सगळंच आलं. म्हटलं, ती डिस्क टिकेल असा मला काडीचाही भरवसा नव्हता. म्हटलं, ती बोलणी मी मेहुण्यासाठी जमवली हे पहिल्या चार-पाचांपुरतंच खरं आहे. तू दलदलीत जातेस ना, त्या चार महिन्यांत घरात फक्त फ्रिज बोलतो. मग मी जेवायला बसलो की एक फाईल लावतो. एकशेबारा लावतो, छत्रीची. सत्तेचाळीस लावतो, गॅस चालू ठेवून मी झोपलो होतो ती— त्यात शेवटी तुझा आवाज जरा कापतो, ती मी जास्त वेळा लावतो. म्हटलं, तुझं प्रेमाचं बोलणं टिपायचा प्रयत्नही केला होता, पण तू नेमकी मिक्सर चालू असताना बोलतेस.

नाही नाही, धूळ आहे दुकानात. डोळ्यांत जाते.

मग? मग काय, ती उठली. आणि सुरू झाली! “दुसरी प्रत पुसली? पुसली? आणि वर उरलेली एकुलती एक गॅलरीतून टाकली? आणि चार महिने फ्रिजशी बोलत बसता, पण मी निघताना तोंडाने एक शब्द सांगता येत नाही, की गं, करमत नाही? मी काय मनकवडी आहे?” पाऊण तास, ताई! मध्ये पाणी प्यायली आणि परत सुरू. मी टॉवेल, दूध, चष्मा, सगळं एकाच वेळी भरून पावलो. असा गोड लागला तो पाऊण तास, काय सांगू. आणि रेकॉर्डर चालूच होता. संपल्यावर तिनेच तो बंद केला, आवाज डिस्कवर टाकला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “वॉरंटीत टाकू ना?”

तर मुद्दा काय, तुम्ही दोन घ्या. एक रोजची, एक प्रत. आणि ती दुसरी नवऱ्याच्या हाती— थांबा हं, फोन. तिचाच. हॅलो? ...हो. हो. नाही, लक्षात होतं... हो, विसरलो. अगं दुकानात गिऱ्हाईक आहे... हो, सकाळी तूच सांगितलं होतंस... हो... ताई, तुम्ही असं करा, त्या तिकडे मालकांकडे बिल करून घ्या आणि निघा. हे आता बराच वेळ चालेल. ...हो गं, ऐकतोय. बोल ना. बोल.