खाकी कव्हरातली जपानी मुलगी

…नाही, पुस्तक देणार नाही असं मी म्हटलेलंच नाही. मी म्हटलं, आधी बस. ऐकणं आणि समजणं यांत फरक असतो, मनस्विनी. — त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय लंगडतो. इकडे पलंगावर बस. पाणी माठातलं घे, नळाला आज आलेलं नाही, पण हे लातुरात दोन वर्षं काढलेल्या मुलीला काय सांगायचं. तर उर्वीनं तुला पुस्तक न्यायला पाठवलं. हॉस्टेलवर तुझ्याच खोलीत राहते ना ती? आणि स्वतः खाली फाटकाशी, स्कूटीवर, वाट बघून राहिली — पाहा, तुम्हा मुलींच्या संगतीनं माझ्याही तोंडी ‘बघून राहिली’ आलं — वाट बघते आहे. मला दिसतं की. या वयात जवळचं दिसत नाही, लांबचं अगदी स्वच्छ दिसतं. संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला निघाली, चित्रकलेच्या कॉलेजात, आणि सख्ख्या आजीच्या फाटकापर्यंत येऊन तिला जिना चढवत नाही. असू दे. गुडघे दुखत असतील. हल्ली विशीच्या आतच दुखतात.

हे ते पुस्तक. ओळखू येत नाही ना? कव्हर मी घातलं. माझ्या घरात कव्हराशिवाय पुस्तक राहत नाही, मग ते व्याकरण असो की ही तुमची जपानी चित्रकथा — मांगा म्हणता ना तुम्ही? खाकी कागद, कडा आत दुमडलेल्या, वर लेबल: कुमारी उर्वी, विषय चित्रकथा. आत पहिल्या पानावर आणखी एक लेबल. तिथं इंग्रजीत काहीतरी ठळक छापलेलं होतं, बाणबिण काढलेले — प्रकाशकाची जाहिरात असणार, म्हणून नेमकं तिच्यावरच चिकटवलं. — जप्त केलं? हा तिचा शब्द. मी ते सांभाळायला ठेवलं होतं. यज्ञेशनं, माझ्या मुलानं, लेकीला नांदेडहून माझ्याकडे पाठवलं ते डॉक्टरकीच्या, त्या ‘नीट’ परीक्षेच्या क्लाससाठी. आणि ही रसायनशास्त्राच्या पुस्तकात समुद्राची चित्रं लपवून बघते. मी म्हटलं, चित्रं काढून पोट भरत नाही. यात चूक काय आहे? वाक्य शुद्ध आहे, अर्थ स्पष्ट आहे. त्यावर ती बोलेनाशी झाली आणि एके दिवशी बॅग उचलून हॉस्टेलवर गेली. तिथलं जेवण तिला सोसत नाही, हे मी कुणाला विचारायला गेले नव्हते. शेजारचे व्यंकटराव आपणहून चौकशी करून आले. मी त्यांना फक्त हॉस्टेलचा पत्ता दिला होता. आणि डबा.

मग मी ते वाचलं. न वाचता शेरा मारणं मला जमत नाही. आणि तुला सांगते — तू कुठं बोलू नकोस — उत्तम आहे. सुरुवातच किती धीट. समुद्रकाठचं गाव, बसच्या दारात एक मुलगी, हातात पिशवी, आणि घरात एक म्हातारी दाराकडे पाठ करून बसलेली. एक शब्द नाही. म्हणजे मुलगी आत्ताच उतरली आहे आणि म्हातारीला पत्ता नाही. व्यंकटरावांना दाखवलं तर म्हणतात, ‘बाई, ही पोरगी गाडीत चढून राहिली का उतरून राहिली?’ मी म्हटलं, व्यंकटराव, कथेच्या पहिल्या पानावर माणूस येत असतो. तुम्ही जन्मभर पोस्टात शिक्के मारलेत, साहित्य माझ्याकडे राहू द्या. — तर ती येते. मग भांडण. भांडण हळूहळू निवळत जातं, चेहरे सैल होत जातात, आणि अगदी शेवटच्या चित्रात दोघी जेवायला बसल्या आहेत, म्हातारी तिला मासा वाढते आहे. मासा आम्ही खात नाही, पण वाढणं कळतं.

आणि रचना पाहा. आधी उत्तर, मग प्रश्न. म्हातारी म्हणते, ‘नाही.’ पुढच्या चौकटीत मुलगी विचारते, ‘मी जाऊ का?’ सुरुवातीला मी अडखळले, खोटं का बोलू; मग ध्यानात आलं, की घराघरांत असंच तर असतं. आमच्याकडे तरी काय होतं? चित्रकलेला जाऊ का, हे तिनं विचारण्याआधी माझं ‘नाही’ म्हणून झालेलं होतं. हे त्या जपानी बाईला तिकडे बसून कळलं, याला म्हणतात प्रतिभा. शिवाय तो चहाचा पेला. आधी त्याचे तुकडे दिसतात, मग तो म्हातारीच्या हातातून निसटताना दिसतो, आणि शेवटी अखंड. सांध्याची खूणसुद्धा नाही. फुटलेलं सांधतं, असं तिला सुचवायचं आहे. पण ती ते बोलून दाखवत नाही. आमचे लोक दाखवतात.

आणि आता याच पुस्तकावरून काढलेला तुमचा तो ॲनिमे, हलत्या चित्रांचा सिनेमा. मोबाइलवर पाहिला, चष्मा पुसून. मूळ कृतीशी इतकी प्रतारणा मी पाहिलेली नाही. सुरुवातीलाच दोघी जेवायला बसल्या — म्हणजे शेवट आधीच सांगून मोकळे. मग पेला फुटतो, मग भांडण, आणि शेवटी ती मुलगी बसमध्ये चढते. चढते, मनस्विनी. म्हातारी दाराकडे पाठ करून बसते आणि मागं सारंगीसारखं काहीतरी रडतं. पुस्तकात जी शांतता होती, ती यांना झेपली नाही. रंग चांगले आहेत, ते मी नाकारत नाही. समुद्राचा हिरवा तर फारच. पण म्हातारीला आवाज कसला दिला आहे? जणू वर्गावर ओरडते आहे. ती ओरडत नाही. ती स्पष्ट बोलते. ओरडणं वेगळं आणि स्पष्ट बोलणं वेगळं. हे मी उर्वीलाही सांगितलं होतं, जरा मोठ्यानं. तर प्रश्न असा, की मूळ लेखिका म्हणते मुलगी परत येते, आणि रूपांतर करणारे म्हणतात जाते. खरं कुणाचं मानायचं? मूळ लेखिकेचं. हा काही मतभेदाचा विषय नाही. मी रोज दुपारी ते शेवटचं पान एकदा उघडून बघते — कव्हर नीट बसलं आहे ना, एवढ्यासाठी.

तू हसतेस का? नाही, हसत नाहीस. मग खिडकीकडे काय बघतेस, ती जात नाही कुठं. — अगं, लेबल खरवडू नकोस. खळीनं चिकटवलेलं आहे, फाटेल. नखानं नको — थांब, ओल्या बोटानं काढ, काढायचंच असेल तर. काय आहे खाली? वाच. मोठ्यानं वाच, तोंडातल्या तोंडात नको… म्हणजे मराठीत सांगायचं तर — थांबा. आपण चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली आहे. हे पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचावे. … बाणही त्याचेच.

प्रत्येक परीक्षेच्या आधी मी वर्गात सांगायचे, आधी सूचना वाचा.

माझ्या वडिलांचं पुस्तक असंच उघडायचं. या टोकाकडून. देगलूरला, निजामाच्या राजवटीत शिकले ते, सगळं उर्दूत. आम्ही भावंडं हसायचो — आबा शेवटाकडून वाचतात. ते म्हणायचे, खुशाल हसा, पण पानाला हात लावण्याआधी हात धुऊन या. … मला तरी कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही, पण मला.

म्हणजे ती उतरत नव्हती.

म्हणजे ‘मी जाऊ का’ आधी. आणि पेला — … हे व्यंकटरावांना सांगायचं नाही.

…

नाही, इकडे दे ते. पिशवीत घालू नकोस. खाली जा आणि उर्वीला सांग, आजीनं पुस्तक डावीकडून वाचलं आणि आजीच्या मते ते डावीकडूनच बरोबर आहे. तिला ही चूक वाटत असेल तर तिनं ती दाखवावी. जरूर दाखवावी. पण निरोपानं चूक दुरुस्त करून घ्यायची माझ्याकडे पद्धत नाही. जन्मभर मुलं टेबलापाशी येऊन उभी राहिली आहेत, तिनंही यावं. जिना तेवढा चढावा लागेल. गाडीला अजून अवकाश आहे, आणि खिचडी टाकायला मला वेळ लागत नाही. यातलं खिचडीचं सांगू नकोस. — बास, ऊठ आता. आणि जाताना दार ओढून घेऊ नकोस. मी ती खुर्ची दाराकडे फिरवून घेते आहे. पाय लंगडा आहे तिचा, जरा आवाज होईल. तू थांबू नकोस.